नवाबची दूधआई

सत्तारभायचा बोकड आमच्या डुकरिणीचं दूध पिऊन जगला, ही गोष्ट जगात मला आणि इनासला माहीत होती. तिसरी ती डुकरीण. ती नाताळला गेली.

इनास म्हणजे माझा नवरा, इनास मिस्किटा. मी फिलू. आम्ही मढचे जुने ख्रिस्ती, वाडीवाले. वाडीत माठ, मुळा, वाल, थोडे नारळ, आणि शेळ्या नि डुकरं. आजूबाजूला सगळे बंगले झालेत, शूटिंगला भाड्याने देतात. कधी कधी ते लोक आमच्या शेळ्या मागायला येतात. ‘गाव दाखवायचंय’ म्हणतात. आम्ही तेव्हा गावातच उभे असतो, पण आम्हाला नाही दाखवत.

कुंपणापलीकडची वाडी सत्तारभाय परकारांची. ते मूळचे दापोलीकडचे. त्यांचे वडील इथे भाजी लावायला आले ते राहिलेच. घरात मराठीच बोलतात. रागावले की त्यांच्या तोंडून ‘या अल्ला’ निघतं, आमच्या तोंडून ‘जेजूस’, बाकी शिव्या सारख्याच.

ओळख भांडणातून झाली. माझं नवीन लग्न झालं होतं. आमच्या शेळ्यांनी त्यांचा आख्खा माठ साफ केला. सत्तारभाय एका शेळीला कानाला धरून घेऊन आले नि जे सुरू झाले, मला वाटलं आज डोकी फुटतात. ओरडता ओरडता त्यांनी सवयीने शेळीचं तोंड उघडून दात बघितले, कासेला हात लावला, आणि म्हणाले, “चांगली ठेवलीयस रे.” संपलं भांडण. माझा नवरा माझ्याकडे कधी तसा हसला नाही जसा तेव्हा त्यांच्याकडे बघून हसला.

तेव्हापासून हे असंच. शुक्रवारी सत्तारभाय नमाजला जातात, तेव्हा दोन्ही घरच्या शेळ्या इनास चारतो. रविवारी आम्ही मिसाला जातो, तेव्हा सत्तारभाय चारतात. बोकड आमचा, शेळ्या दोघांच्या. डुकरांचं मात्र पहिल्यापासून ठरलेलं. शेड वाडीच्या पार टोकाला, वारा त्यांच्याकडे जाणार नाही अशी. आणि इनासचे शर्ट दोन. एक डुकरांचा, एक शेळ्यांचा. साबणाने हात धुतल्याशिवाय, शर्ट बदलल्याशिवाय तो कुंपण ओलांडत नाही. सत्तारभायनी हे कधी मागितलं नव्हतं. इनासने स्वतःच लावून घेतलं, आणि धुवायला मी आहेच.

तर मागच्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी सत्तारभायच्या राणीला तिळं झालं. शेळीला सड दोन, पिल्लं तीन. तिसरं मांजरीएवढं, तिने ते डोक्याने बाजूला लोटलं. त्याच दिवशी दापोलीहून फोन आला, सत्तारभायचे थोरले भाऊ गेले. नवराबायको तसेच निघाले. जाताना सत्तारभायनी ते पिल्लू टॉवेलात गुंडाळून इनासच्या हातात दिलं.

“वाचलं तर वाचलं,” म्हणाले. “नाही तर तुझा दोष नाही.”

इनासला असं कुणी सांगू नये. माणूस झोपायचा बंद होतो. बाटली आणली, पिल्लू निपल तोंडात घेईना. चमच्याने पाजलं, बाहेर काढलं. आमच्या दोन शेळ्या दुधात होत्या, त्यांच्याखाली धरलं, दोघींनी लाथा घातल्या. संध्याकाळी ते मान टाकून पडलं. इनास त्याच्याशेजारी बसून म्हणत होता, “सत्तारला काय सांगू?” मी म्हटलं, त्यांनीच सांगितलंय ना, दोष नाही म्हणून. तो म्हणाला, “तेच तर.”

सकाळी पिल्लू जागेवर नाही. मी म्हटलं कुत्र्याने नेलं. डुकरांना कोंडा टाकायला शेडमध्ये गेले तर इनास आत काठी घेऊन उभा. डुकरीण आडवी पडलेली, तिची सात गुलाबी पिल्लं रांगेने लटकलेली, आणि त्या रांगेच्या शेवटी हे काळंपांढरं, पुढचे गुडघे टेकून, शेपटी हलवत, चपाचपा.

“जेजूस!” मी म्हटलं.

“गप,” इनास म्हणाला. “उठेल ती.”

“तू ठेवलंस इथे?”

“स्वतः आलं. मी आलो तेव्हा पीतच होतं.”

डुकरिणीने मान वळवून त्याला एकदा हुंगलं. आता खाते, असं मला वाटलं. डुकरिणी खातात, खोटं कशाला सांगू. हिने डोकं परत खाली टाकलं. इनासने काठी टेकवून ठेवली. मी म्हटलं, असू दे बाबा, मरण्यापेक्षा बरं. अजूनही म्हणेन. मला कुणी विचारलं तर.

सत्तारभाय परत आले तेव्हा पिल्लू उड्या मारत होतं. पोट गच्च, केस चमकतायत. सत्तारभायनी त्याला उचललं आणि इनासच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. भावाला नुकते मातीआड करून आलेले. म्हणाले, “एवढं तरी राहिलं रे. तुझ्या हातात बरकत आहे.”

आता त्या वेळी कोण सांगणार? त्या रात्री मी म्हटलं, उद्या सांग. इनास म्हणाला, “भाऊ गेलाय त्याचा, आणि मी डुकराचं सांगू?” नंतर पाऊस लागला. मग आमच्या चर्चचं फीस्ट. मग नाताळ. नाताळला डुकरीण कापली. ती परत गाभण राहत नव्हती, पाय धरले होते. वाडीत हे असंच असतं. सत्तारभायच्या बायकोला, कुलसुमभाभींना, मी दरवर्षीसारखं कुसवारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट पाठवलं, नेवऱ्या, कलकल, सगळं तुपातलं. सत्तारभायनी आमच्याकडे पोट फुटेस्तोवर नेवऱ्या खाल्ल्या आणि नवाबचं कौतुक सांगितलं.

नवाब म्हणजे तेच पिल्लू. आम्ही डुकरांना नावं देत नाही, खायची असतात ती. सत्तारभाय सगळ्यांना देतात. नवाब दिसायला खरंच राजबिंडा. उंच, कान लांब, एक डाग इकडचा तिकडे नाही. पण सवयी! दिवसभर चिखल शोधायचा आणि त्यात आडवा व्हायचा. नाकाने माती उकरायचा. इनासने डुकरांना हाक मारली की कुंपणाशी सगळ्यात आधी नवाब हजर. एकदा शूटिंगवाल्यांनी हिरॉइनमागून चालायला नेला, तो वाटेतल्या डबक्यात बसला तो उठेचना.

सत्तारभाय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “बघा, मातीची ओढ आहे त्याला. शेतकऱ्याचा बोकड आहे.” आणि इनासला म्हणायचे, “तुझा आवाज कसा ओळखतो बघ. हाताने पाजलंस ना.”

इनास तेव्हा नारळाच्या झाडाकडे बघायचा. झाडावर काही नसायचं.

मग यंदा ईस्टर झाल्यावर सत्तारभाय कुंपणाशी आले, नवाबचं तोंड उघडून दाखवलं. दुधाचे दोन दात पडून पक्के आले होते.

“ईदला यंदा हाच,” म्हणाले. “दरवर्षी देवनारहून आणतो. ओळख ना पाळख, दोरी धरायची नि द्यायचा. त्यात आपलं काय गेलं? या वेळी जे जिवाला लागेल ते देणार.”

इनास म्हणाला, “राणीचा दुसरा दे. तो पण चांगलाय.”

“तो जिवाला नाही लागत.”

इनास घरात आला आणि खुर्चीवर बसून राहिला. जेवायला वाढलं तर म्हणाला, “देवाला द्यायचंय त्याला, फिलू. नि मी तोंड बंद ठेवू? आणि सांगितलं, आणि तो उठून गेला, परत आलाच नाही तर? मला दुसरा कोण आहे?”

मी समोर ताट घेऊन उभी. म्हटलं, “मी आहे ना.”

“तू बायको आहेस. तू कुठे जाणार?”

असं बोलतो. पण मला त्याची भीती कळत होती. या माणसाला बोलता येत नाही कुणाशी. आपल्या सख्ख्या भावाशी हवापाण्यापलीकडे शब्द नाही. सत्तारभाय आले की मात्र कुंपणावर हात टाकून तासभर. काय बोलतात ऐकलं तर शेळीच्या लेंड्यांबद्दल. पण बोलतात. ते गेले असते तर माझा नवरा मुका झाला असता, आणि मुक्या माणसाबरोबर मला राहायचं होतं.

तो फादरकडे गेला. कन्फेशनमध्ये सांगितलं. फादर म्हणाले, “हे नक्की कुठलं पाप, ते मला कळत नाही. पण जाऊन सांग त्याला.”

दुसऱ्या दिवशी त्याने शेळ्यांचा शर्ट घातला, धुतलेला परत धुवून, आणि कुंपणाशी गेला. मी मेथी निवडायला तिथेच बसले. मुद्दाम बसले.

इनासने सगळं सांगितलं. बाटली, चमचा, लाथा, शेड. एका दमात. शेवटी म्हणाला, “मी पाजलं नाही, सत्तार. तिने पाजलं.”

सत्तारभायनी नवाबकडे बघितलं. तो तेव्हा चिखलात होता. “या अल्ला,” म्हणाले, पण रागाने नाही, एखादं कोडं सुटल्यासारखं. मग स्कूटर काढली आणि मालवणीला त्यांच्या मौलानांकडे गेले.

इनास कुंपणाशी उभाच. ऊन डोक्यावर आलं, मी म्हटलं सावलीत ये. आला नाही. मी टोपी नेऊन डोक्यावर ठेवली, ती पण त्याच्या लक्षात आली नाही.

स्कूटर आली. सत्तारभाय उतरले, चालत कुंपणाशी आले.

“मौलाना म्हणाले, जनावर वर्षभर पाला खातंय, त्या दुधाचं आता काय राहिलं? ईदपर्यंत चांगला चारा घाल, कुर्बानी होईल. उलट मला म्हणाले, ज्याने खरं सांगितलं तो दोस्त सांभाळ.”

इनासचे खांदे खाली आले. वर्षाचं ओझं उतरलं. मी मेथी सोडून चक्क छातीवर क्रूस काढला. आणि इथे माझ्या नवऱ्याने गप्प बसायला हवं होतं. पण खूश झाला की त्याला बोलणं सुचतं.

“चांगली होती रे डुकरीण,” म्हणाला. “सात स्वतःची असून याला कधी लोटलं नाही.”

“कुठंय ती?” सत्तारभायनी विचारलं. “लांबून तरी बघू दे.”

“ती? नाताळला कापली.”

सत्तारभायचा चेहरा बघता बघता बदलला.

“कापली?”

“गाभण राहत नव्हती.”

“इनास, दूध पाजलं तिने त्याला. आमच्यात दूध पाजणारी बाई आई असते. तिच्या पोरांशी लग्न लावत नाहीत.”

“बोकडाचं लग्न कोण लावतंय?”

“थट्टा करतोस? मला ती हराम. मी तिच्याकडे बघणार नव्हतो. पण माझं मरत असलेलं पिल्लू तिने जगवलं. परक्याचं. जातीतल्या शेळ्यांनी लाथा मारल्या तेव्हा! आणि तू तिला मसाला लावून खाल्लंस?”

“मग डुकराचं काय करतात? लोणचं?”

मी तिथून म्हटलं, “इनास, गप.” पण दोघंही पेटलेले. सत्तारभाय म्हणाले, “मला काय, डुकराची पर्वा मी का करावी, असं तुला वाटतं. तुला तरी वाटायला हवी होती!” आणि मग, जाताना, वळून: “ईदचा वाटा तुझ्या घरी येणार नाही. त्याची आई खाल्लीस. आता त्यालाही खाशील?”

इनासने तोंड उघडलं, मिटलं, घरात आला.

झालं. ज्याला भिऊन वर्षभर गप्प बसला ते झालंच, आणि ज्या कारणाने भीत होता त्या कारणाने नाही. मला दोघांनाही फटकवावंसं वाटत होतं. शुक्रवार आला, सत्तारभायनी आपल्या शेळ्या बांधून ठेवल्या नि नमाजला गेले. शेळ्यांनी असा आकांत मांडला की बंगल्यातलं शूटिंग थांबलं. रविवारी आमच्या ओरडल्या. फादरना प्रवचन आटपतं घ्यावं लागलं. भांडण माणसांचं, घसा त्यांचा.

दोन वाड्यांमध्ये एक शब्द नाही. कुलसुमभाभी आणि मी पाण्याच्या टाकीशी भेटायचो. ती म्हणायची, “जेवत नाहीत गं.” मी म्हणायची, “आमचा पण नाही.” आम्ही दोघी व्यवस्थित जेवत होतो.

ईदच्या दिवशी इनासने इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओट्यावर दोरी वळायला बसला. इस्त्रीचा शर्ट घालून दोरी कोण वळतं? दरवर्षी दुपारच्या आत सत्तारभाय स्वतः डबा घेऊन यायचे. आधी आमचं घर, मग त्यांची बहीण. मी सवयीने खोबरं भाजलं, कांदा भाजला. मग वाटत बसले, कशासाठी ते माहीत नसताना.

दुपार झाली. जयंती कोळीण समोरून गेली, हातात पिशवी. “कुलसुमने वाटा दिला,” म्हणाली हसत. “तुमचा आला का?” इनासने दोरीला असा पीळ घातला की दोरी तुटली. मला त्या क्षणी त्याची इतकी दया आली की मी आत जाऊन मिक्सर उगाच फिरवला.

उन्हं कलल्यावर सत्तारभाय आले. नवा पांढरा कुर्ता. हात रिकामे. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा.

“ईद मुबारक,” इनास म्हणाला, दोरीकडे बघत.

“झालं,” सत्तारभाय म्हणाले. “परवानगीच्या जागी नेला. शांत गेला. माझ्याकडे बघत होता.”

“बरं.”

“घरात सगळे जेवले. माझ्या घशाखाली घास जाईना. हाताने वाढवलेलं जनावर, त्याची खाल ओळखतो मी. खायला तर हवं, देवाचं आहे. पण जाईना. तेव्हा तुझी आठवण आली. म्हटलं विचारावं. तुझ्या गळ्याखाली ती कशी गेली रे?”

इनासने दोरी खाली ठेवली.

“नाही गेली.”

“काय?”

“खाल्ली नाही मी.”

मी दारात उभी होते. मी म्हटलं, “काय बोलतोस? चार दिवस घरात तिच्या मटणाच्या सोरपोतेलशिवाय दुसरं काही नव्हतं. मी स्वतः वाढलं तुला!”

“कुत्र्याला घातलं,” इनास म्हणाला. “मागच्या दाराने.”

“मग तू काय खात होतास?”

“पाव. चहा.”

“ख्रिसमसला?”

“तुझं पिल्लू पाजलं होतं तिने,” इनास माझ्याशी नाही, सत्तारभायशी बोलत होता. “कापायला हरकत नाही घेतली मी. धंदा आहे. पण ताटात आली तेव्हा हात पुढे होईना. म्हटलं, सत्तारचं पोर जगवलं हिने, मी कसा खाऊ?”

सत्तारभाय उठून उभे राहिले. “मग त्या दिवशी बोलला का नाहीस? मी एवढं वाट्टेल ते बोललो!”

“तू विचारलंस कुठे? नुसता ओरडलास. आणि काय सांगू? तीन पिढ्या डुकरं पाळतोय आम्ही. डुकरिणीसाठी उपाशी राहिलो, असं सांगू गावाला?”

“गावाला कोण सांगायला सांगतंय? मला सांगायचं!”

“सांगतोय ना आता!”

आणि मग सत्तारभाय मधल्या जागेत येऊन बसले आणि दोघंही रडले. मी माझ्या नवऱ्याला आईच्या मयतीला रडताना पाहिलं नव्हतं. सत्तारभाय त्याच्या गुडघ्यावर थापट्या मारत म्हणत होते, “माफ कर रे, माफ कर,” आणि इनास म्हणत होता, “दोरी तुटली बघ माझी.” मला दोघांवरही इतकी माया आली की काय करावं कळेना, म्हणून मी ओरडले, “सत्तारभाय, डबा कुठंय?”

ते धावत गेले. या वयात कुंपणावरून उडी मारून गेले, कुर्ता फाटला. डबा वेगळा काढून ठेवलेलाच होता, कुलसुमभाभीने नंतर सांगितलं, सकाळी सगळ्यात आधी. फक्त द्यायला यायची हिंमत नव्हती.

त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळं पातेलं आहे, त्यात डुक्कर कधी शिजलेलं नाही. त्यात मी ते मटण आमचा घरचा बाटली मसाला घालून केलं. कुलसुमभाभी भाकऱ्या घेऊन आली. दोघांना शेजारी शेजारी बसवून वाढलं. सत्तारभायनी बिस्मिल्ला म्हटलं, इनासने क्रूस काढला. इनासने तुकडा मोडला आणि सत्तारभायकडे बघितलं. सत्तारभायनी इनासकडे बघितलं. दोघांनी एक एक घास तोंडात घातला, डोळे मिटून, एकदमच गिळला. आणि मग दोन्ही ताटं हळूच पुढे सरकवली.

“चांगलं झालंय वैनी,” सत्तारभाय म्हणाले.

“चांगलं झालंय,” इनास म्हणाला.

मग दोघं ओट्यावर जाऊन बसले, आणि राणीला परत बोकड कधी दाखवायचा ते बोलायला लागले. कुलसुमभाभीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तिने एक ताट ओढलं, मी एक. नाताळची ती डुकरीणही बहुतेक मी एकटीनेच खाल्ली होती, पण त्याबद्दल मला आजपर्यंत कुणी काही विचारलेलं नाही.